रोज नवी गोष्ट नको, पंधरा दिवस एकच सांगा

पत्र: माझी मुलगी साडेसहा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. दोघंही इंग्रजी शाळेत जातात. नाताळात ‘रोज एक’ अशा 365 बायबल-गोष्टींचं पुस्तक आणलं आणि 1 जानेवारीपासून रात्री झोपताना वाचायला घेतलं. तिसऱ्या आठवड्यातच बारगळलं. मुलगा मधेच उठून पळतो. मुलीला ‘काय शिकलीस?’ विचारलं की दर वेळी एकच उत्तर, ‘देवाचं ऐकायचं.’ त्यात नोहाची गोष्ट ऐकल्यापासून मुलगा नळ जोरात सुटला तरी ‘आपण बुडणार का?’ म्हणतो. सासूबाईंचं म्हणणं, आमच्या वेळी वचनं पाठ करून घ्यायचे, गोष्टींचे लाड नव्हते. मराठी पवित्र शास्त्रातून वाचावं तर मुलांना भाषा कळत नाही. सुरुवात नेमकी कुठून करू?
— एक आई, चिंचवड

उत्तर:

ताई, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पुस्तक बारगळलं त्यात तुमचा आळस नाही. बायबलच्या क्रमानं गोष्टी लावलेलं पुस्तक रोज एक गोष्ट करत वाचलं, की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काय काय येतं बघा. बायबलचं पहिलंच पुस्तक उत्पत्ती; त्याच्या 4थ्या अध्यायात काइन भावाचा जीव घेतो, 6व्यापासून जलप्रलय, 19व्यात सदोम शहर जळतं, 22व्यात अब्राहाम पोटच्या पोरावर सुरी उगारतो. चार वर्षांच्या मुलाला झोपायच्या आधी एवढे धक्के! तो पळतो हे बरंच म्हणायचं. शास्त्राचा क्रम आपल्या जागी ठीक आहे, पण लहान मुलाला गोष्टी त्या क्रमानं द्यायलाच हव्यात असं काही नाही.

दुसरी अडचण ‘रोज नवी’ची. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं ही गोष्ट आपल्याकडं मूल किती वेळा ऐकतं? शंभरदा. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ हे वाक्य जरा बदललं तर चिडतं. आणि गोष्ट संपल्यावर ‘मग काय शिकलास?’ असं त्याला कुणी विचारत नाही. बायबलची गोष्ट घेतली की मात्र आपण शिक्षक होतो. चिऊ-काऊची गोष्ट जशी सांगता तशीच ही सांगा. एक गोष्ट पंधरा दिवस. आजारपण, परीक्षा, पाहुणे धरून वर्षात वीस झाल्या तरी भरपूर झाल्या.

पंधरा दिवस म्हणजे रोज नव्हे, आठवड्यातून चार वेळा. पहिल्या दिवशी वस्तू मांडून तुम्ही सांगा. एक दिवस जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी तीच गोष्ट, शक्यतो त्याच शब्दांत. नंतरच्या दोन बैठकांत तुम्ही बोला आणि वस्तू मुलांना हलवू द्या. दुसऱ्या आठवड्यात मुलं सांगतील, तुम्ही मुद्दाम चुका: ‘आणि त्या बाईकडं वीस नाणी होती.’ (ही नाण्याची गोष्ट पुढं येतेच.) ‘वीस नाही, दहा!’ असं धाकटा ओरडला की गोष्ट त्याची झाली. वेळ झोपेची नको. संध्याकाळचं खाणं झाल्यावर, टीव्ही लागायच्या आत. चार वर्षांच्या मुलासाठी चार मिनिटं, मोठीसाठी सात-आठ. दोघं एकत्र बसणार असतील तर धाकट्याचं घड्याळ पाळा, मोठीचं पोट इतर मार्गांनी भरता येतं. ते पुढं सांगतोच.

पुस्तक हातात धरून वाचू नका, तोंडानं सांगा. त्यासाठी शास्त्रातला उतारा स्वतः तीनदा वाचा, मिटून ठेवा आणि एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच ओळी लिहा: कोण, कुठं, काय बिघडलं, मग काय झालं, शेवटचं वाक्य. नावं तीनच्या वर गेली तर कमी करा. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र शब्दशः ठरवून टाका, ते दर वेळी तसंच यायला हवं. बहुतेक आईवडिलांची गाडी शेवटीच घसरते. गोष्ट संपलेली असते, पण तोंड थांबत नाही, मग त्यातून उपदेश गळायला लागतो.

भाषेचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पंडिता रमाबाईंनाही हीच अडचण दिसली होती. साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून त्यांनी मुळातून सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते त्यांच्या मागं 1924 मध्ये छापून पूर्ण झालं. आज तुमच्या तयारीसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ सोपं पडेल. पण मुलांपुढं भाषा तुमची, घरातली हवी. जकातदार म्हणजे ‘नाक्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पैसे घेणारा माणूस’. मेंढवाडा म्हणजे मेंढ्यांचं कुंपण. मात्र प्रत्येक गोष्टीत एक जुना शब्द जपून ठेवा, कारण तोच ते मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, ऐकणार आहेत. नोहाच्या जहाजाला ‘तारू’ हा किती छान शब्द आहे! त्याला ‘बोट’ करून टाकू नका.

नावांचा घोळ इंग्रजी शाळेतल्या मुलांचा हमखास होतो. चित्रांच्या कार्डावर डेव्हिड, आजीच्या तोंडी दाऊद. तिथं मोझेस, इथं मोशे. तिथं पीटर, इथं पेत्र. मुलाला हे दोन वेगळे लोक वाटतात. ‘तुझं नाही का, घरी एक नाव आणि शाळेत एक?’ एवढं म्हटलं की त्याला कळतं.

आता पहिली गोष्ट. आम्ही सुचवू ती हरवलेल्या नाण्याची, लूक 15, ओवी (म्हणजे वचन) 8 ते 10. तीनच ओव्यांची आहे, तीत कुणी मरत नाही, कुणी वाईट नाही, आणि लागणाऱ्या सगळ्या वस्तू घरात आहेत. एक-एक रुपयाची दहा नाणी, बटवा किंवा हातरुमाल, टॉर्च, केरसुणी. (घरात तीन वर्षांखालचं पाहुणं मूल असेल तर नाण्यांऐवजी मोठी बटणंही नकोत, स्टीलच्या वाट्या घ्या.) पडदे ओढून खोली अंधारी करा. त्या काळी गरिबाच्या घराला खिडकी असली तर इवलीशी, म्हणून बाई भरदिवसाही दिवा लावते. हे कारण सांगितलं नाही तर मोठी विचारतेच, ‘तिनं लाइट का नाही लावला?’ नाणी फरशीवर एकेक करून मोजा, आवाज होऊ द्या. मुलांनी डोळे मिटले की एक लपवा. पुन्हा मोजा: नऊ. इथं थांबा. दोन श्वास काही बोलू नका.

मग टॉर्च एकाच्या हातात, केरसुणी दुसऱ्याच्या. केरसुणी का? तर खरखर झाडताना नाणं फरशीवर खणकन वाजतं, दिसायच्या आधी ऐकू येतं. तो ‘खण्’ मुलं वर्षभर विसरत नाहीत. सापडलं की दार उघडून शेजारच्या काकूंना हाक मारा, कारण गोष्टीतली बाईही मैत्रिणींना, शेजारणींना बोलावते. त्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं. वाटीभर चिरमुरे सगळ्यांना. शेवटचं वाक्य: ‘येशू म्हणाला, एक माणूस परत आला की देवाच्या घरी असाच आनंद होतो.’ बस. पडदे उघडा.

यात बिघडतं काय, तेही सांगतो. दोघांना एकदम शोधायला लावलं की नाणं ज्याला सापडलं तो जिंकतो, दुसरा रडतो, आणि आनंदाची गोष्ट भांडणात संपते. म्हणून दोन फेऱ्या करा. एकदा एक शोधतो, दुसरा शेजारी होतो. नाणं सोफ्याच्या फटीत लपवू नका, खरंच हरवतं. दोन-तीन मिनिटांत सापडेल असं, फरशीवरच ठेवा. त्याहून लांबलं तर धाकट्याचं लक्ष केरसुणीवरच जातं, मग तो सगळं घर झाडत सुटतो.

‘काय शिकलीस?’ हा प्रश्न मात्र आजपासून बंद. त्याचं उत्तर मुलीला पाठ झालंय, म्हणून ती ते देते. त्यात तिचा दोष नाही. त्याऐवजी तुम्हाला स्वतःलाच पडलेला प्रश्न मोठ्यानं बोला. ‘मला आपलं वाटतं, ते दहावं नाणं अंधारात पडून काय विचार करत असेल?’ उत्तर आलं नाही तरी चालेल. रोममध्ये 1954 पासून सोफिया कावालेत्ती या हिब्रूच्या अभ्यासक बाईंनी जान्ना गॉब्बी या माँटेसरीच्या शिक्षिकेबरोबर लहान मुलांना शास्त्र सांगायची जी पद्धत घडवली, तिचा जीव यातच आहे: लहान लाकडी बाहुल्या, थोडे शब्द, आणि ज्याचं उत्तर सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही असा प्रश्न. त्यांचा अनुभव असा, की लहान मूल नियमांपेक्षा मेंढरांना नावानं हाक मारणाऱ्या मेंढपाळाकडं आधी ओढलं जातं. वागणुकीचे धडे मागाहून.

पुढच्या गोष्टी निवडताना मराठी मुलाच्या पदरात दोन गोष्टी आयत्याच पडल्यात, त्या वाया घालवू नका. एक, येशूनं पाच भाकरींत हजारोंना जेवू घातलं ती. योहान 6 मध्ये एका मुलाकडं होत्या त्या जवाच्या, म्हणजे गरिबाच्या खाण्यातल्या. आपल्या शास्त्रात शब्दही ‘भाकरी’ हाच आहे. इंग्रजी चित्रांत पावाचे फुगीर गोळे दिसतात, ते बाजूला ठेवा आणि ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पाच छोट्या भाकरी थापा, दोन तळलेले बोंबील किंवा बांगडे ठेवा. शेवटी उरलेल्या बारा टोपल्यांसाठी बारा द्रोण मांडा आणि मुलांना तुकडे भरू द्या. दुसरी, येशूला बघायला झाडावर चढलेल्या ठेंगू जकातदाराची, जक्कयाची. लूक 19 मध्ये तो मराठीत चढतो ते उंबराच्या झाडावर. तिकडचं झाड आपलं उंबर नव्हे, पण भाऊबंदच: तसंच खोडाला लगडणारं फळ, फांद्या खालूनच फुटलेल्या, म्हणून तर ठेंगू माणसाला चढता आलं. एखाद्या रविवारी घराजवळचं उंबर शोधा आणि गोष्ट त्याच्याखाली उभं राहून सांगा. जक्कय लुबाडलेलं चौपट देतो, हा हिशेब मोठीला बिस्किटांवर करू द्या. एक घेतलं तर चार परत! भावंडांच्या घरात हा कायदा दोन दिवस तरी टिकतो.

चार वर्षांच्या मुलाला याशिवाय हरवलेलं मेंढरू, लव्हाळ्याच्या पेटीतला मोशे, वादळ आणि नाताळची गोष्ट एवढ्या पुरतात. वादळासाठी निळी ओढणी दोघांनी दोन टोकांना धरून हलवायची, त्यावर कागदाची होडी, आणि येशू ‘शांत हो’ म्हणाला की एकदम थांबायचं. ते थांबणं तीन-चारदा करून घ्या, सगळी गोष्ट तिथंच आहे. हा खेळ रात्री मात्र नको, पोरं तासभर झोपत नाहीत. शमुवेलाची गोष्टही सकाळी सांगा. रात्री कुणीतरी नावानं हाक मारतं हे अंधारात ऐकलं की काही मुलं पांघरुणातून तोंड बाहेर काढत नाहीत.

मेंढरं घरीच करायची तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि पाऊण वाटी पाणी. पाणी चमच्याचमच्यानं घाला, एकदम ओतलं की कणीक चिकट होते. लहान आकृत्या सावलीत दोन-तीन दिवसांत वाळतात. पावसाळ्यात हा घाट घालू नका, मीठ हवेतली ओल ओढतं आणि मेंढरं पुन्हा मऊ पडतात. तेव्हा शाडू बरा. मिठाचा गोळा चाटण्यासारखा नसतो, हे धाकट्याला आधीच सांगा.

मोठीला वेगळं खाद्य हवं. तिला योसेफ द्या, शनिवारी दुपारी एकटीला, चार भागांत: झगा आणि खड्डा (उत्पत्ती 37), तुरुंगातली स्वप्नं (40), फारोचं स्वप्न (41), भावांची भेट (42 ते 45). 39व्या अध्यायापुरतं ‘त्याच्यावर खोटा आळ आला’ एवढंच म्हणा. दाऊदाच्या गोष्टीत त्याच्याशी लढणाऱ्या धिप्पाड गल्याथाची उंची सहा हात एक वीत. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण 45 सेंटिमीटर. मोजा म्हणावं भिंतीवर: आपल्या फ्लॅटच्या छताला डोकं लागतंय. ओढ्यातले गोटे पाच, कामी आला एक. गोफणीसाठी मोज्याचा बोळा वापरा, आणि डोकं कापण्याचा भाग अजून तीन-चार वर्षं राहू द्या. योना सांगितलात तर चारही अध्याय सांगा. बहुतेक पुस्तकं माशानं किनाऱ्यावर टाकलं की संपतात, म्हणजे दुसऱ्या अध्यायातच. खरी गंमत चौथ्यात आहे: निनवे शहराला क्षमा मिळाली म्हणून योना रुसून बसतो. रुसणं तुमच्या मुलीला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

सहा वर्षांच्या मुलीसाठी आणखी एक सवय लावून घ्या. येशूनं सांगितलेला दाखला असेल तर सुरुवात ‘येशूनं एकदा गोष्ट सांगितली’ अशी करा. घडलेलं म्हणून शास्त्रात सांगितलं असेल तर ‘यरीहो नावाच्या गावात...’ अशी. ‘हे खरंच झालं का?’ हा प्रश्न वर्षभरात येणारच आहे, तेव्हा दाखला आणि घटना तिच्या डोक्यात एकमेकांत कालवलेल्या नसतील. चित्रांतल्या चुकाही तिच्यापुढं दुरुस्त करा. हव्वेनं खाल्लेलं फळ सफरचंद होतं असं उत्पत्तीत कुठंही नाही. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, तीन होते असंही मत्तय म्हणत नाही; भेटवस्तू तीन होत्या. योनाला गिळलं ते ‘मोठ्या माशानं’, देवमाशानं असं तिथं नाही. मोठेपणी ती स्वतः वाचेल तेव्हा ‘आईनं भलतंच सांगितलं होतं’ असं वाटायला नको.

आणि शेजारचा मित्र म्हणाला, ‘आमच्या कृष्णालाही टोपलीतून नदीपलीकडं नेलं होतं’, तर गडबडू नका. ‘हो, ती त्याच्या घरची गोष्ट. त्याला म्हणावं पूर्ण सांग, आणि तू त्याला मोशेची सांग.’ कोणाची खरी, कोणाची मोठी, हे चार वर्षांच्या दोघांमधे आणून काही साधत नाही.

आता नोहा. धाकट्यासाठी ती गोष्ट सध्या मिटून ठेवा, पण भीती मात्र बोलून काढावी लागेल. ‘असं काही नसतं रे’ म्हणून उडवून लावलं की ती नळातच बसते. तो विचारेल, ‘बाकीचे लोक?’ खरं सांगा: ‘ते मेले. मलाही वाईट वाटतं. देवालाही मनातून दुःख झालं असं तिथं लिहिलंय.’ (उत्पत्ती 6:6.) लगेच 9व्या अध्यायावर या: पृथ्वी बुडवणारा पूर पुन्हा आणणार नाही, असं देव सांगतो आणि धनुष्य ढगात ठेवतो. मग मोरीतली बादली भरून नळ त्यालाच बंद करू द्या. पाणी थांबवणारा हात त्याचा आहे हे त्याला कळणं शब्दांपेक्षा उपयोगी पडतं. घरात कुणी ‘वाईट वागलास तर देव शिक्षा करेल’ म्हणत असेल तर ते आजच थांबवा. नोहाची भीती बहुतेक वेळा अशा वाक्यांवर पोसलेली असते. दोन-अडीच वर्षांनी गोष्ट पुन्हा काढा. तेव्हा तारवाचं माप घ्या, 300 हात लांब, 50 रुंद, 30 उंच. लांबी सुमारे 135 मीटर, म्हणजे रेल्वेचे जवळजवळ सहा डबे. आणि शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या होत्या, सगळ्यांची एकेकच नव्हे, हेही सांगा.

क्रूसाची गोष्ट टाळता येत नाही, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मुलं मंदिरात असतातच. चार वाक्यांत सांगा, खिळे आणि रक्त यांचं वर्णन नको, आणि त्याच बैठकीत रिकाम्या कबरेपर्यंत पोचा. मुलाला शुक्रवारवर सोडून रविवारची वाट बघायला लावू नका. त्याच्यासाठी तीन दिवस फार लांब आहेत.

सासूबाईंना बाजूला ठेवू नका, उलट त्यांच्याकडंच मोठं काम द्या. वचन पाठ व्हावं हे बरोबरच आहे, फक्त महिन्याला एक आणि लहानसं: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.’ हरवलेल्या मेंढराच्या पंधरवड्यात हे आपोआप बसतं. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एखादं कडवं त्यांनी टाळ्या वाजवत शिकवावं. ओव्या येत असतील तर सोन्याहून पिवळं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट फादरनं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच रचलं, ते 1616 मध्ये गोव्यात छापलं. म्हणजे आजीनं ओवीत गोष्ट सांगणं हा लाड नसून चारशे वर्षांची रीत आहे, असं त्यांना हळूच सांगून बघा.

ते 365 गोष्टींचं पुस्तक टाकू नका. मोठीच्या उशाशी ठेवा. वाचता यायला लागलं की ती आपणच आवडतील ती पानं उघडेल, आणि एखाद्या दुपारी भावाला वाचून दाखवताना ‘वीस नाणी’ म्हणून मुद्दाम चुकेल.